वाशीतले बत्तीवाले मामा

लातूरकडच्या वाशीला बदली झाली तेव्हा मला तीन घरं दाखवली गेली. पहिल्यात पाणी नव्हतं. दुसऱ्यात मालकीणबाईंचे नियमच एवढे होते की सामान ठेवायला जागा उरली नसती. तिसऱ्या घराच्या दारात एक उंच, सडपातळ गृहस्थ उभे होते आणि ते माझ्याकडे न बघता माझ्या चष्म्याकडे बघत होते. काचा कशानं पुसता, असं त्यांनी विचारलं. शर्टाच्या टोकानं, मी म्हणालो. त्यांनी चष्मा माझ्या नाकावरून उचलला आणि ते आत गेले. पाच मिनिटं मी दारात चाचपडत उभा राहिलो. चष्मा परत आला तेव्हा समोरच्या कडुलिंबाची पानं सुटी सुटी दिसत होती. घर मी तेव्हाच नक्की केलं.

गावात त्यांना बत्तीवाले मामा म्हणत. वाशीपासून समुद्र फार लांब. पाणी म्हटलं की इथल्या माणसाला तलाव आठवतो, तोही त्या वर्षी भरला असेल तर. अशा गावातला हा माणूस कोकणातल्या एका जुन्या दीपगृहावर बत्तीस वर्षं नोकरी करून आला होता. तरुणपणी रोजगार कार्यालयातून बोलावणं आलं, कागदावर लाइटहाऊसचा हुद्दा होता. वडिलांनी शिक्का पाहिला, सरकारी आहे म्हणाले आणि एस.टी.त बसवून दिलं. काम काय असतं हे वडिलांना ठाऊक नव्हतं आणि मुलालाही. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो रुजू व्हायच्या दिवशी. कसा वाटला, असं मी एकदा विचारलं. आपल्या रानासारखाच, सपाट, एवढंच ते म्हणाले.

मी गुरांचा डॉक्टर. त्यामुळं विक्षिप्तपणाचं मला फारसं नवल वाटत नाही. म्हशींमध्येही तो असतो. पण मामांच्या घरात राहायचं म्हणजे काही गोष्टी नव्यानं शिकाव्या लागत. सूर्य उगवला की घरातल्या प्रत्येक काचेवर पडदा ओढला जाई. खिडक्यांवर, कपाटाच्या आरशावर, भिंतीवरच्या देवांच्या तसबिरींवरसुद्धा. मामी, म्हणजे त्यांची बायको, देवपूजेच्या वेळी तेवढा तसबिरींवरचा पडदा सारून हळदकुंकू लावत आणि पुन्हा ओढून टाकत. एकदा मी औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन गच्चीवर वाळत घातल्या, तर दुपारी परत येईपर्यंत प्रत्येक बाटलीवर एकेक पोत्याचा तुकडा घातलेला होता.

कारण विचारल्यावर त्यांनी मला समोर बसवून समजावलं. दीपगृहाचं भिंग माणसाहून उंच असतं. आतल्या दिव्याचा उजेड ते दूर समुद्रात फेकतं. पण भिंगाला आतलं-बाहेरचं कळत नाही. दिवसा सूर्याचा उजेड बाहेरून आत येतो आणि एका ठिकाणी गोळा होतो, आणि मग दिवाच काय, मनोऱ्यातलं लाकूडसुद्धा पेट घेतं. त्यांच्या आधीच्या एका माणसानं एका सकाळी पडदा ओढायला उशीर केला आणि खालच्या कड्यावरचं वाळलं गवत पेटलं. बत्तीवरच्या माणसाचा दिवस असा पडदे ओढून सुरू होतो. वाशीत त्यांच्या घरातल्या आरशानं कधी आग लागली असती असं मला वाटत नाही, पण मी बाटल्या पुन्हा वर ठेवल्या नाहीत.

दीपगृहाचा विषय निघाला की एरवी अबोल असणारा हा माणूस तासभर बोले. आधी तिथं कड्यावर लोखंडी शेगडीत लाकडं जाळत. मग इंग्रजांनी मनोरा बांधला आणि खोबरेल तेलाचे दिवे आले. मग रॉकेल, मग वीज. भिंग पाऱ्यावर तरंगायचं, त्यामुळं एवढं वजन एका बोटानं फिरायचं. फिरवायला घड्याळासारखी यंत्रणा होती, तिचं वजन हातानं चढवावं लागे. हे सांगताना ते उजव्या हाताचं एक बोट पुढं करून हवेतच काहीतरी हळूच ढकलत. ते बघितल्यावर समोर खरोखर काही फिरतंय असं वाटायचं.

सगळ्यात जास्त ते बोलत ते खुणेबद्दल. प्रत्येक दीपगृहाची झपकण्याची खूण वेगळी असते. त्यांच्या बत्तीची होती दोन झपके आणि मग दहा सेकंद अंधार. खलाशी किनारा ओळखतो तो यावरून. "उजेड सगळ्यांचा सारखाच असतोय डॉक्टर," ते म्हणायचे, "वळख अंधारानं पटती." माझ्या दारावर ते असेच वाजवत. दोन थापा, मग दहा आकडे मोजून पुन्हा दोन. मी पहिल्याच थापेला दार उघडलं तर नाराज व्हायचे, कारण मग कोण आलंय हे मला कळलंच नाही असा त्याचा अर्थ होत असे.

हीच फूटपट्टी ते माणसांनाही लावत. समोरचा किराणावाला तीन गिऱ्हाइकांमागे एकदा हसतो, ही त्याची खूण. पलीकडचे गुरुजी बोलता बोलता थांबतात ते पाच मोजेपर्यंत, सहावा आकडा झाला की गुरुजींची तब्येत बिघडलीय समजायचं. माझी खूण काय, असं मी विचारलं. "शनवारी दुपारी निघायच्या आधी शिट्टी, मग सोमवारपतूर अंधार," ते म्हणाले. माझी बायको आणि मुलगा लातूरला होते आणि मी दर शनिवारी घरी जायचो. बिऱ्हाड वाशीला न आणण्याची कारणं माझ्याकडं भरपूर होती. मुलाची शाळा, सासूबाईंचं वय, दोन खोल्या लहान. मामांनी त्याबद्दल कधी काही विचारलं नाही, आणि गावात हा प्रश्न न विचारणारे ते एकटेच होते.

वाशीच्या माळावर पवनचक्क्या उभ्या आहेत. दिवस मावळला की प्रत्येकीच्या माथ्यावर लाल दिवा लागतो, आणि सगळे दिवे एकदमच लागतात आणि एकदमच विझतात. मामा रोज संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून ते बघत बसत आणि रोज तेवढ्याच रागानं खाली येत. सगळ्यांची एकच खूण असल्यावर कुठली कुठं आहे ते कळणार कसं, हा त्यांचा सवाल होता. शेवटी त्यांनी त्या कंपनीला अर्ज लिहिला. प्रत्येक पवनचक्कीला वेगळी खूण द्यावी, असं त्यात होतं, आणि सोबत प्रत्येकीसाठी वेगळे झपके आखून दिलेला तक्ता होता. तक्ता इतका नेटका होता की मीच तो दोनदा वाचला. कंपनीचं उत्तर आलं, की आपल्या जमिनीबाबतच्या तक्रारीची नोंद घेतली आहे. मामांच्या अर्जात जमिनीचं अक्षरही नव्हतं. मामांनी ते उत्तर घडी करून पंचांगात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा खुर्ची घेऊन वर गेले.

शाळेत एकदा त्यांना बोलायला बोलावलं होतं. मीही गेलो होतो, कारण अध्यक्ष म्हणून मला बसवलं होतं. मामांनी मुलांना शेगडीपासून विजेपर्यंत सगळा इतिहास सांगितला आणि आता तिथं माणूसच लागत नाही हेही सांगितलं. दिवा माणसाएवढाही राहिलेला नाही, कळशीएवढा आहे, उन्हावर चालतो आणि आपला आपण लागतो. मुलं शांत बसून ऐकत होती. शेवटी सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, की तुम्ही किती जहाजं वाचवली.

"ते ठाऊक न्हाय," मामा म्हणाले. "वाचलेलं जहाज सांगायला येत न्हाय."

मुख्याध्यापकांनी आभार मानले आणि सगळ्यांना केळी वाटली. वाटेत घरी येताना मामा मला म्हणाले की त्या पोरीला उत्तर बरोबर दिलं का कुणास ठाऊक. मी म्हणालो, याहून बरोबर काय असणार. त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

आता मामींबद्दल. त्या बुटक्या, रुंद हाताच्या आणि कमी बोलणाऱ्या. ती बत्तीस वर्षं त्यांनी वाशीत काढली. चार एकर रान, दोन बैल, एक म्हैस, सासूचं आजारपण, सासऱ्यांचं त्याहून लांबलेलं आजारपण आणि एक मुलगी, हे सगळं त्यांनी एकटीनं ओढलं. मामा वर्षातून एकदा मे महिन्यात पंधरा दिवस येत, येताना आमसुलं आणि फणसपोळी आणत. मुलीचं लग्नसुद्धा म्हणून मे महिन्यात झालं. हे मामींनी मला तक्रारीच्या सुरात कधीच सांगितलं नाही. माझ्या हातावर भाकरी ठेवता ठेवता, पाऊस कधी पडला ते सांगावं तसं सांगितलं.

मामींना काचबिंदू झाला. एक डोळा आधीच गेला होता आणि दुसऱ्याची नजर कडेनं आत आत येत चालली होती. सोलापूरच्या डॉक्टरांनी थेंब दिले, पण गेलेलं परत यायचं नाही हेही सांगितलं. त्या दिवशी तपासणीहून आल्यावर मामी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. गुरांसाठी माणसं माझ्याकडं येतात तेव्हा अशीच येतात, आधी बसतात, मग बोलतात.

"डॉक्टर, डोळा जायच्या आधी ह्यांची बत्ती बघायचीय मला," त्या म्हणाल्या. "माणूस बत्तीस वर्सं कुठं हुतं ते तरी बघते."

मी म्हणालो, मग मामांना सांगा की. त्यांनी सांगितलं होतं. दर वर्षी सांगितलं होतं. बायामाणसाला बत्तीवर परवानगी नसते, असं मामांचं ठरलेलं उत्तर होतं. सरकारी जागा, रात्रीची ड्यूटी, कडक कायदे. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी हे सांगितलं आणि मामींनी ते ऐकलं. सैन्यात जशी बाया नेत नाहीत तसंच हे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

मी मोबाइलवर ते दीपगृह शोधलं. दुपारनंतर तासभर ते लोकांना बघायला खुलं असतं आणि त्याच्या सज्जात उभ्या राहून हसणाऱ्या बायकांचे फोटो होते, लहान मुली होत्या, एक आजीबाई काठी घेऊन उभ्या होत्या. मी फोटो मामांना दाखवले. त्यांनी ते एकेक करून बघितले आणि म्हणाले, आता कायदा बदलला असंल. मग म्हणाले, घाट वाईट आहे, मामींना गाडी लागते. मग म्हणाले, दमट हवेनं डोळ्याला अपाय होतो. मामांसारखा मोजून बोलणारा माणूस एका दमात तीन कारणं देतो, हे मला नवीन होतं. मला तेव्हा वाटलं, की आपल्या जागी आता कळशीएवढा दिवा बसलाय हे त्यांना डोळ्यांनी बघायचं नाही. त्यांची दया आली. त्या दयेत माझी चूक होती, पण ते पुढं कळलं.

मामी थांबल्या नाहीत. फेब्रुवारीत एका सकाळी त्यांनी भाकरी-चटणीची शिदोरी बांधली, इरकली लुगडं नेसल्या आणि माझ्या गाडीत मागं जाऊन बसल्या. तुम्ही येता का आमी दोघं जाऊ, एवढंच त्यांनी मामांना विचारलं. मामांनी घरातले सगळे पडदे पुन्हा एकदा बघितले, कुलूप लावलं आणि पुढच्या सीटवर येऊन बसले. कोल्हापुरात मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी घाट उतरताना मामींना गाडी अजिबात लागली नाही. त्या खिडकीला डोळा लावून बसल्या होत्या आणि हिरवं दिसलं की विचारत होत्या, हे कशाचं झाड. मामा उत्तर देत होते, पण जसजसा समुद्र जवळ आला तसतशी त्यांची उत्तरं एकेका शब्दाची झाली.

दीपगृह कड्यावर आहे. पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांचा मनोरा, वर काचेची खोली, खाली कौलारू बैठ्या घरांची रांग. फाटकाशी एक म्हातारी कोकम सरबत विकत बसली होती. तिनं मामांकडं बघितलं, पुन्हा बघितलं आणि उठूनच उभी राहिली. मामांना तिनं नावानं ओळखलं. तिचा नवरा तिथं वॉचमन होता. ती सगळ्या बिऱ्हाडांची धुणीभांडी करायची. कोणाच्या घरी कोण जन्मलं, कोणाच्या पोरानं विहिरीत कळशी टाकली, असं ती भराभरा सांगू लागली. मामा मान खाली घालून ऐकत होते. मग तिनं मामींना विचारलं, तुम्ही यांच्या कोण. मामींनी सांगितलं.

"अगोबाई," म्हातारी म्हणाली, "तुम्हाला समुद्राची हवा सोसत नाही ना? हे आम्हाला तसंच सांगायचे. बाकी सगळे आपापलं बिऱ्हाड घेऊन राहायचे. यांचंच घर तेवढं मुकं."

मी मामांकडं बघितलं नाही. कुणाकडं बघावं हेच कळत नव्हतं, म्हणून सरबताचा पेला हातात घेतला. मामींनीही पेला घेतला, सावकाश सगळा प्यायल्या, रिकामा करून म्हातारीला परत दिला आणि मनोऱ्याकडं चालू लागल्या.

मामा वर आले नाहीत. गुडघ्यांचं कारण सांगून खालच्या पायरीवर बसले. मामी माझा हात धरून गोल जिना चढल्या, मध्ये दोनदा थांबल्या. वर काचेच्या खोलीत जुनं भिंग अजून होतं, जागच्या जागी थांबलेलं, आणि नवा दिवा बाहेर सज्जाच्या कठड्यावर होता. मामींनी भिंगाला हात लावला नाही. काच आहे, डाग पडतील, असं त्यांनीच मला सांगितलं. सज्जात आल्यावर त्या बराच वेळ समुद्राकडं तोंड करून उभ्या राहिल्या, नजर आखूड झाली असल्यामुळं मान सगळीकडं थोडी थोडी फिरवत. केवढं हे पाणी, त्या म्हणाल्या. मग त्यांनी खाली बघितलं आणि विचारलं, ह्यांचं घर कुठलं. मला ते माहीत नव्हतं. आमच्याबरोबर आलेल्या तिथल्या कर्मचाऱ्याला मी विचारलं. त्यानं खाली फाटकाशी बसलेल्या म्हातारीला ओरडून विचारलं आणि तिनं हातानं कडेचं घर दाखवलं.

खाली उतरल्यावर मामींनी ते घर उघडायला सांगितलं. बघण्यासारखं काही नाही, तो कर्मचारी म्हणाला, सिमेंटची पोती आहेत. तरी त्यानं कुलूप काढलं. दोन खोल्या आणि मागं स्वयंपाकघर, त्यात दगडी ओटा आणि ओट्यावर खिडकी. खिडकीतून समुद्र दिसत होता. मामी पोत्यांमधून वाट काढत थेट तिथं गेल्या. मामा पायरीवरून उठून आले होते आणि दारात उभे होते, आत येत नव्हते.

"का वो?" मामींनी विचारलं. त्यांनी वळून बघितलं नाही. आवाज चढला नव्हता.

मामांनी मोजण्यासारखा वेळ घेतला. मला वाटलं ते कायद्याचंच काहीतरी सांगतील.

"मला एकट्याला बरं वाटायचं," ते म्हणाले. "पयल्या साली एकदा खोटं बोललो. मग दर साली तेच बोलावं लागलं."

बाहेर पर्यटकांची एक बस आली होती आणि मुलं गलका करत होती. तो कर्मचारी किल्ल्या वाजवत उभा होता. मामींनी ओट्यावरची धूळ पदरानं पुसली, सगळा ओटा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग ओट्याच्या कडेला टेकून उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात पुढं पसरून चूल कुठं येईल, हंडा कुठं राहील, पिठाचा डबा कुठं, हे हातानंच लावून बघितलं. खिडकीची फळी ढकलून ती किती उघडते तेही बघितलं.

"ओटा उंचीला बेताचा हाय," त्या म्हणाल्या. "मला बरोबर बसला असता."